झुडपाच्या खालच्या अंगाला

त्या वसंतात शाहोचा उजवा हात प्लास्टरमध्ये नसता, तर मी डोंगरावर पाऊल ठेवलं नसतं.

शाहो माझा नवरा. पेंजवीन या हद्दीवरच्या गावाच्या बाजारात त्याचं औषधांचं दुकान आहे, पण गावात त्याला 'गवताचा डॉक्टर' म्हणूनच ओळखतात. शुक्रवार उजाडला की गळ्यात दुर्बीण, पाठीला पिशवी आणि हा बाबा डोंगरात. कुठलं फूल कुठल्या उतारावर उमललं, कुठला पक्षी यंदा लवकर परतला, साळिंदरांनी नवी बिळं कुठं काढली, सगळं बघून टिपून ठेवायचं. याचे कोणी पैसे देत नाही आणि हे कर म्हणून कोणी सांगितलेलंही नाही. माझ्या आईनं एकदा न राहवून विचारलं होतं, "जावईबापू, एवढं टिपून द्यायचं कुणाला?" तो म्हणाला, "ज्याला लागेल त्याला, आई. नाहीच कुणाला लागलं तर पडून राहील." नंतर स्वयंपाकघरात आई मला म्हणाली, "दारू पीत नाही ना? मग जाऊ दे."

मी शाळेत गणित शिकवते. डोंगराचं आणि माझं जमत नाही. माझा धाकटा भाऊ दिलेर हरवलेली शेळी शोधायला वर गेला आणि परत आला तो घोंगडीत बांधून. लढाई संपून तेव्हाच कितीतरी वर्षं झाली होती, पण लढाईनं जे जमिनीत पेरलं ते तसंच राहिलं. सुरुंग म्हातारा होत नाही. आमच्याकडे पोर चालायला लागलं की आधी दगडांचे रंग शिकतं. पांढरा दगड म्हणजे इथली जमीन तपासलेली, लाल दगड म्हणजे पुढं जायचं नाही. शाहो पांढऱ्या दगडांच्या पलीकडे कधी गेला नाही हे मला ठाऊक होतं. तरीही प्रत्येक शुक्रवारी तो घरी येईपर्यंत मी जेवायला बसायची नाही, आणि तो आला की मी काहीतरी कारण काढून भांडायची.

गेल्या वर्षी त्याला कानी स्पीच्या उतारावर ट्यूलिपचं एक रोप सापडलं होतं. पानांच्या कडा झालरीसारख्या मुरडलेल्या आणि त्यांना जांभळी किनार. फूल मात्र गळून गेलेलं. सुलेमानीच्या विद्यापीठातल्या बाईंनी पानांचे फोटो पाहिले आणि कळवलं की हे काहीतरी वेगळं दिसतंय, पण फूल बघितल्याशिवाय बोलता येणार नाही. तेव्हापासून हा माणूस वर्षभर त्या फुलाची वाट बघत होता. आणि नेमकं नवरोजच्या सुट्टीत दुकानातल्या शिडीवरून पडून त्यानं मनगट मोडून घेतलं. इतकी वर्षं डोंगर तुडवला तेव्हा खरचटलं नाही, आणि खोकल्याची बाटली काढताना हात मोडला, म्हणून सगळा बाजार हसला. डाव्या हातात त्याचा कॅमेरा थरथरायचा. फूल टिकणार चार-दोन दिवस. तो नुसता खिडकीत उभं राहून ढगांकडे बघत राहायचा. शेवटी मीच म्हणाले, "चल, मी काढते फोटो. पण पांढऱ्या दगडाच्या बाहेर माझी सावलीसुद्धा पडणार नाही."

त्याआधी बरेच दिवस पावसानं झोडपलं होतं. त्या सकाळी धुकं उठत होतं आणि मधेच बारीक भुरभुर पडत होती. कानी स्पीचा उतार सुरुंग काढणाऱ्या पथकानं कधीच साफ केला होता. गावातल्या बाया तिथं रेवास आणायला जातात. त्याची आंबट लालसर देठं आमच्याकडे वसंतात सगळेच खातात. उताराच्या वर जी खिंड आहे ती मात्र अजून लाल दगडांची. मी खाली बघत, पांढरे दगड धरून चालत होते. शाहो पुढं होता. वाटेत तो बोटानं काहीबाही दाखवत होता आणि मी नुसतं हं हं करत होते.

एका वळणावर तो एकदम थांबला. मी त्याच्या पाठीवर आदळले.

समोरची वाट नव्हती. वरून चिखलाचा एक रुंद पट्टा उतरून वाटेवर पसरला होता, एखाद्या गाईनं जीभ बाहेर काढावी तसा. पांढरे दगड त्याच्याखाली गेले होते. मधे मधे जुन्या काटेरी गवनीच्या झुडपांचे गोल माथे तेवढे वर दिसत होते. आणि त्या पट्ट्याच्या मधोमध, पाठीला गोणी लावून, एक म्हातारी उभी होती. झग्याच्या लांब बाह्या मानेमागे बांधलेल्या, पाय जुळवलेले, जणू कुणी तिला तिथं रोवून ठेवलं होतं.

"आमीन मावशी!" मी हाक मारली.

"ओरडू नकोस, मास्तरीण," ती म्हणाली. "बहिरी नाही झाले अजून. तिथंच थांबा दोघं. माझ्यासमोर एक पडलाय."

आमीन मावशी आमच्याच गल्लीतली. नवरा गेल्यावर चार पोरं वाढवली, सगळ्या गल्लीला जिभेच्या धारेवर ठेवणारी बाई. धुक्यात पहाटेच ती या चिखलावरून वर गेली होती आणि वाट खराब झालीय एवढंच तिला वाटलं होतं. रेवास कापून परत येताना धुकं विरळ झालं आणि पुढच्या पावलावर तिला ते दिसलं. बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढं, मातकट रंगाचं, कडेला खाचा असलेलं. वरच्या खिंडीतली माती पावसानं खाली आणली होती आणि मातीसोबत तिच्यातलं सगळंच आणलं होतं. प्लास्टिकचे हलके सुरुंग पाण्याबरोबर वाहतात, हे आम्ही शाळेत मुलांना चित्रं दाखवून सांगतो. आपल्या पायाचे जुने ठसे धरून मागं फिरावं म्हटलं तर भुरभुर पावसानं ते केव्हाच भरून काढले होते.

शाहोनं फोन काढला. तिथं आपला टॉवर जातो आणि हद्दीपलीकडचा येतो. बराच वेळ इकडं तिकडं फोन धरल्यावर एकदाचा पथकाच्या काक लुकमानला, म्हणजे लुकमानदादाला, लागला. खालचा रस्ताही वाहून गेलाय, दुपार कलल्याशिवाय आम्ही पोचत नाही, तोवर कुणीही हलू नका, असं तो म्हणाला. मग आवाज तुटला. शाहो खिंडीकडे बघत होता. मीही बघितलं. खिंडीच्या मागून काळंभोर काहीतरी वर चढत होतं.

"पाऊस आला तर?" मी हळू आवाजात विचारलं.

"हे सगळं पुन्हा सरकेल," तो म्हणाला.

आम्ही मावशीशी बोलत राहिलो. ती आधी फटकारत होती. गवताच्या डॉक्टरला बायको घेऊन फिरायला हीच जागा मिळाली का, म्हणाली. मग तिचं बोलणं जड व्हायला लागलं. एकदा तिनं मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. शाहोनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्याचा चेहरा बदलला.

"मावशी, सकाळी शुगरची गोळी घेतली होती?"

"घेतली की. तूच म्हणतोस ना, चुकवायची नाही."

"आणि खाल्लं काय?"

तिनं मान वळवून गोणीकडे बघितलं. मग म्हणाली, "रेवास चोखला एक."

तिला दरदरून घाम फुटला होता आणि गुडघे लटपटत होते, हे मला दुर्बिणीशिवाय दिसत होतं. गोळी पोटात आणि अन्न नाही. साखर उतरत चालली होती. ती खाली बसू शकत नव्हती, आणि पडली तर कुठं पडेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

माझ्या पिशवीत गझोच्या वड्या होत्या, आमच्याकडची गोड मिठाई. शाहोनं दोन-तीन रुमालात बांधल्या आणि डाव्या हातानं फेकल्या. पुरचुडी हवेत वर गेली, मावशीनं हात पुढं केले, आणि पुरचुडी तिच्या अलीकडे, त्या डबीच्या अगदी शेजारी चिखलात पडली. आम्ही तिघंही डोळे मिटून उभे होतो. काही झालं नाही. पुन्हा फेकायचं नाव कुणीच काढलं नाही.

मग शाहो मला न विचारताच निघाला. कडेचा पहिला खडक चांगला मोठा होता. त्यावर त्यानं पाय टाकला, शेवाळलेल्या दगडावरून बूट सरकला, आणि सावरायला हात पसरावा तर एक हात गळ्यात अडकवलेला. तो गुडघ्यांवर आपटला. मी मागून त्याचा पट्टा धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याला मागं ओढलं.

आम्ही दोघं चिखलाच्या कडेला बसलो होतो, धापा टाकत. मी म्हणाले, "तुझ्याच्यानं नाही होणार. मी जाते."

"नाही."

"मग ती पडेपर्यंत बघत बसायचं?"

"बेखाल, तुझ्या आईला मी काय सांगू?"

"आईला काय सांगायचं ते नंतर बघू. पाय कुठं ठेवायचा ते सांग."

मग त्यानं दुर्बीण उचलली, प्लास्टरवर टेकवली आणि तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून काढला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण त्याला असं बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाजारात ज्याला गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, तो त्या उतारावरचं एकेक झुडूप ओळखत होता. "ती गवनी जुनी आहे," तो म्हणाला, "तिच्या पलीकडची पण. त्यांची मुळं खोल आहेत, त्या हललेल्या नाहीत. ओढ्यात दगड असला की पाणी दोन्ही बाजूंनी जातं आणि दगडाच्या मागं कोरडं राहतं, तसं झालंय बघ. झुडपाच्या वरच्या अंगाला चिखल साचलाय, तिकडं पाय नाही न्यायचा. खालच्या अंगाला जुनी जमीन उघडी आहे. तिथं बारकी निळी फुलं दिसतायत, ती तिथलीच आहेत, दर वर्षी तिथंच येतात. मी सांगेन ते झुडूप, त्याच्या खालच्या अंगाला, मुळाला चिकटून पाय. मी सांगितल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही."

मी झगा वर खोचला, गझोच्या वड्या कमरेला बांधल्या. दिलेरची आठवण येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. डोक्यात दुसरं काहीच शिरत नव्हतं, फक्त पुढचं झुडूप.

पहिलं झुडूप लांब नव्हतं. मी टाच टेकवली. जमीन घट्ट लागली. काटे पोटरीत घुसले आणि ते बरं वाटलं. दुसरं झुडूप. तिसऱ्याला मला लांब ढांग टाकावी लागली आणि माझी टाच थोडी बाहेर गेली. मी थिजले. "बरोबर आहे," मागून शाहोचा आवाज आला. "आता डावीकडची. ती छोटी नाही, तिच्या मागची." तो शांत बोलत होता, दुकानात म्हाताऱ्यांना गोळ्या समजावून सांगतो तसा. पुढं कधीतरी मला कळलं की त्या सगळ्या वेळात त्यानं खालचा ओठ दातांनी फोडून घेतला होता.

मावशी आता अगदी जवळ आली होती. तिचे डोळे अर्धे मिटले होते. शाहोनं सांगितलेलं पुढचं झुडूप उजव्या हाताला होतं, पण त्यापेक्षा जवळ एक छोटा गवताळ उंचवटा दिसत होता आणि त्यावर फुलंच फुलं होती. हिरवं, ताजं, मुळं धरून बसल्यासारखं. पाय तिकडं टाकला की मावशीचा हात धरता आला असता.

"इथं फुलं आहेत," मी म्हणाले. "इथं टाकते."

"कसली फुलं?"

"तीच. निळी."

"थांब." त्याचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "पाय खाली ठेव. जिथं आहेस तिथंच. आता वाकून बघ आणि मला नीट सांग. निळी आहेत की पांढरी?"

मी वाकले. माझे डोळे पाण्यानं भरले होते, मी बाहीनं पुसले. "पांढरी," मी म्हणाले. "पांढरट. पाकळीच्या मधून निळी रेघ आहे."

"एका देठाला घोसानं आहेत की सुटी?"

"घोस आहे छोटा."

मग तो म्हणाला, "ते बर्फफूल आहे. ते इथं येत नाही, बेखाल. मी कधी या उतारावर बघितलेलं नाही. ते वर खिंडीत, बर्फ वितळतो तिथंच येतं. तो सगळा ढेकूळ वरून आलाय, फुलांसकट. त्याला हातसुद्धा लावू नको."

मी त्या फुलांकडे बघत राहिले. इतकी साधी, देखणी फुलं. वरच्या लाल दगडांमागून आख्ख्या मातीसकट, उभीच्या उभी खाली आली होती. मी पाय उजवीकडे वळवला, लांबच्या झुडपाकडे. तिथून मावशीचा हात मिळायला मला कमरेतून पुरं वाकावं लागलं, पण मिळाला. थंडगार, ओला हात.

मी तिच्या तोंडात गझोची वडी घातली. मग दुसरी. तिला चावायचं भान नव्हतं, मी तिच्या गालावर बोटानं दाबत होते, लहान मुलाला भरवतात तसं. हळूहळू तिचा जबडा हलायला लागला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली. "तुला अजून मूलबाळ व्हायचंय."

"गोणी उतरवा, मावशी."

"रेवास टाकून जाऊ? सकाळपासून कापलाय."

"मावशी."

"बरं बरं."

"टाकायची नाही. तुमचे पाय आहेत ना, तिथंच पायांजवळ हळू ठेवायची."

तिनं पाठीवरून गोणी अशी उतरवली, जसं झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं. मग मी वळले. वळणं सगळ्यात अवघड गेलं, कारण त्या एवढ्याशा जागेत माझे दोन पाय कसेबसे मावत होते. मावशीनं माझ्या कमरेचा पट्टा धरला. मी पाय उचलायची, तिला माझ्या जागेवर घ्यायची, मग पुढचं झुडूप. शाहो सांगत होता. पावसाचे पहिले थेंब माझ्या मानेवर पडले तेव्हा त्याचा आवाज जराही वाढला नाही, फक्त दोन शब्दांमधलं अंतर कमी झालं.

कडेच्या जवळ आल्यावर मावशीचा पाय घसरला. ती माझ्यावर कलली आणि तिचं पाऊल झुडपाच्या वरच्या अंगाला, साचलेल्या चिखलात घोट्यापर्यंत गेलं. तिनं माझा पट्टा आवळला. आम्ही तिघं काय ऐकत होतो ते मला सांगता येणार नाही. फक्त पावसाचा आवाज होता. मग मावशीनं पाय काढून घेतला. चिखलानं तिची चप्पल ठेवून घेतली.

"राहू दे तुला," मावशी चिखलाला म्हणाली.

कडेला पोचल्यावर शाहोनं डाव्या हातानं आधी तिला ओढून घेतलं, मग मला. आम्ही पांढऱ्या दगडापाशी बसलो. मला वाटलं होतं मी रडेन. पण मी त्याच्यावर ओरडायला लागले, डोंगरावरून, फुलांवरून, शिडीवरून, ज्याचा काही संबंध नाही त्या सगळ्यावरून. तो ऐकून घेत होता. मावशी उरलेल्या वड्या खात होती. "बोल, बोल," ती मला म्हणाली. "माझा नवरा असता तर मी पण त्यालाच बोलले असते."

आम्ही खाली उतरत असताना वर मोठा पाऊस झाला. काक लुकमानचं पथक वाटेत भेटलं. त्यांनी उतार बंद केला आणि लाल दगड खालपर्यंत आणले.

पेंजवीनमध्ये बातमी आमच्याआधी पोचली होती. ज्या बाजारानं शाहोला इतकी वर्षं हसून घेतलं, तोच बाजार आता त्याच्या चहाचे पैसे परस्पर देत होता. दुकानात औषध न घेता नुसतं ऐकायला माणसं येत. मावशीनं तर गोष्ट अशी रंगवली की त्यात शाहोनं झुडपांशी गप्पा मारल्या होत्या. शाहोला आवडत होतं. का आवडू नये? मलाही आवडत होतं.

फुलाचा फोटो राहिलाच. सुलेमानीच्या बाईंना त्यानं कळवलं की यंदा जमलं नाही.

पुढं काही दिवसांनी वर्गात कोनांचा धडा चालला असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. धड्याचं काही विचारायचं नव्हतं तिला. म्हणाली, "बाई, जुन्या झुडपाच्या खालच्या अंगाला पाय ठेवला की काही होत नाही ना? बाबा म्हणतात, आता आपल्याला वर मेंढ्या चारायला जाता येईल." मी तिला गप्प बसवलं आणि धडा पुढं नेला, पण खडू माझ्या हातात मोडला.

त्याच आठवड्यात काक लुकमान शाळेत आला. मोठा धिप्पाड माणूस, बोलताना नेहमी जमिनीकडे बघणारा. मुलांसाठी नवी चित्रं द्यायला आलोय म्हणाला, पण चित्रं टेबलावर ठेवून तो तसाच उभा राहिला. पाऊस थांबल्यावर त्यांनी तो चिखल तपासायला घेतला होता. बरेच सुरुंग सापडले होते. त्यातला एक झुडपाच्या खालच्या अंगाला होता.

"तुमच्या टाचेचा ठसा अजून होता वहिनी तिथं," तो म्हणाला. "थोडा भरला होता, पण झुडपाच्या आडोशानं राहिला होता. त्याच्या शेजारीच. सुरुंग कुशीवर पडला होता, म्हणून दाब पडला नाही. सरळ असता तर..." पुढचं त्यानं सोडून दिलं.

मला ते झुडूप आठवलं. लांब ढांग, टाच थोडी बाहेर, आणि मागून आलेला आवाज, 'बरोबर आहे'.

"शाहोला सांगितलंत?"

"नाही. म्हटलं आधी तुम्हाला सांगावं. लोक त्याला फार मानायला लागलेत. तुम्हीच ठरवा."

त्या संध्याकाळी शाहो खुशीत घरी आला होता. वरच्या एका गावातल्या मेंढपाळांनी त्याला बोलावलं होतं, झुडपं कशी ओळखायची ते दाखवायला. मी भाकरी पुढं ठेवली आणि लुकमान काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याचा हात ताटातच राहिला. तो माझ्या पायांकडे बघत होता. मग उठून त्यानं माझी चप्पल हातात घेतली, उलटी केली, टाच बघितली आणि परत जागेवर ठेवली.

"मी 'बरोबर आहे' म्हणालो होतो," तो म्हणाला.

"म्हणाला होतास."

"मला काही दिसलं नव्हतं."

"कसं दिसेल? ते मातीत होतं."

"मग मी 'बरोबर आहे' असं का म्हणालो?"

रात्री तो जेवला नाही.

शुक्रवारी नमाजानंतर चहाखाना भरलेला असतो. शाहो तिथं गेला आणि त्यानं उभं राहून सांगितलं. मी बाहेर, भाजीच्या दुकानापाशी होते, पण आवाज येत होता. झुडपाची गोष्ट विसरा म्हणाला. मी चुकलो होतो, बेखाल नशिबानं वाचली. तुमच्यापैकी कुणी माझ्या सांगण्यावरून पाय टाकला आणि गेला, तर ते माझ्या मानेवर.

लोकांना हे रुचलं नाही. कुणी म्हणालं, बायकोनं दटावलेलं दिसतंय. माझ्या वर्गातल्या त्या मुलीचा मेंढपाळ बापही तिथं होता. तो म्हणाला, "काक शाहो, दोघी चालत गेल्या आणि चालत आल्या. अजून काय पुरावा पाहिजे?"

"तिसऱ्या झुडपाखाली एक होता," शाहो म्हणाला. "हाच पुरावा."

"पण फुटला नाही ना?"

माणसं पुन्हा आपापल्या चहाकडे वळली. तेवढ्यात मागून आमीन मावशीचा आवाज आला. चहाखान्यात बायका जात नाहीत, पण मावशी दारात उभी होती.

"अरे, मी उभी होते तिथं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता. शहाणपण शिकवायचं तर एकदा सकाळपासून उभं राहून बघा." आणि ती निघून गेली.

त्यानंतर शाहोनं त्या वसंतात एकही फूल टिपलं नाही. त्याऐवजी दर शुक्रवारी आम्ही दोघं गाडी काढून वरच्या वस्त्यांवर जात होतो, जिथं जिथं ती झुडपांची गोष्ट पोचली होती तिथं. काही ठिकाणी लोक ऐकून घेत. काही ठिकाणी चहा देत आणि विषय बदलत. एका वस्तीत त्याला भेकड म्हणाले, तेही त्यानं ऐकून घेतलं. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून सुजायचं, म्हणून गाडी मी चालवायची.

सगळ्यात शेवटची वस्ती हद्दीला लागून, दोन घरांची. पुरुष गुरं घेऊन गेले होते. एक तरुण बाई अंगणात मास्तावचं, म्हणजे ताकाचं, मडकं घुसळत होती. तिनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली, घुसळणं न थांबवता शाहोचं सगळं ऐकलं. त्यानं सुरुवातीपासून, थांबत थांबत, सगळं सांगितलं, वाहून आलेली माती, झुडपं, वरच्या खिंडीतलं फूल, माझी टाच. तो थांबला तेव्हा तिचे हातही थांबले.

"मग पाय कुठं ठेवायचा?" तिनं विचारलं.

"ठेवायचाच नाही, वहिनी," शाहो म्हणाला. "चिखल दिसला की मागं फिरायचं."

तिनं घरामागच्या उताराकडे बघितलं. तिथं पावसानं आणलेली माती पसरली होती, आणि तिच्या पलीकडे त्यांचा पाण्याचा झरा होता. मग ती पुन्हा घुसळू लागली.